चोवीस बटनं

माझ्या हातून आजवर ज्या चुका झाल्या त्यांची यादी आमच्या घरी तोंडपाठ आहे. मला नाही, बायकोला. पाहुणे आले की त्यातल्या दोन-चार ती चहाबरोबर वाढते. पण एक चूक तिनं कधीच कुणापुढे काढली नाही.

त्या दिवशी दुपारी शाळेच्या कॉम्प्युटरवर निकालपत्रक अडकलं. अडकलं म्हणजे मीच कुठलं तरी बटन दाबलं असणार. सवयीनं सुधाकरभाऊंना फोन लावला. फोन उचलला गेला, पण पलीकडून काही नाही. हेही सवयीचंच. अठरा वर्षं त्यांना फोन केला की आधी शांतता, मग खिडकी उघडल्याची कुरकुर, मग खर्रा थुंकल्याचा आवाज, आणि त्यानंतर, "हां, बोला मास्तर."

म्हणून मी म्हणालो, "थुंका आधी, थुंका. मी थांबतो."

आणि थांबलोही. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"काय भाऊ, जीभ गहाण ठेवली का?"

बोलून झालं आणि मग आठवलं. सुधाकरभाऊंची जीभ काढून त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. हे मला कुणाकडून कळलेलं होतं असंही नाही. नागपूरच्या दवाखान्यातल्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही होती.

मी फोन ठेवून दिला. माफी मागायचंही सुचलं नाही. मिनिटाभरात त्यांचा लिहिलेला निरोप आला: "निकालपत्रकात काय बिघडलं?"

असा तो माणूस.

सुधाकर पुस्तोडे कोहमाऱ्याच्या चौकात, टायर-पंक्चरच्या दुकानामागच्या खोलीत बसत. खोलीला पाटी नव्हती. ढाब्यावर विचारलं की पोऱ्या मान वर न करता बोट दाखवायचा, "ते कंपुटरवाले? तिकडं, खर्रा घोटून राहिले असतीन." पुढे रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांनी भिंत थरथरायची, आणि आत हा माणूस चष्मा कपाळावर ढकलून, स्क्रीनला नाक लावून बसलेला. कीबोर्डवरची अक्षरं पार पुसलेली. मी एकदा म्हणालो, "भाऊ, नवीन घ्या, अक्षरं दिसत नाहीत." तर म्हणाले, "तुमी घरच्या अंधारात जेवता त घास नाकात जाते का?"

नोकरी त्यांनी कधी केली नाही. मोठं कामही कधी घेतलं नाही. दहा ओळी, वीस ओळी, फार तर शंभर ओळींचा प्रोग्राम. एखाद्या शाळेला हजेरीचा, एखाद्या राइस मिलला पोती मोजायचा, एखाद्या डॉक्टरला पुढचा पेशंट कोण ते दाखवायचा. "शहरातले ट्रॅक्टर बनवते मास्तर," ते म्हणत, "मी खुरपं बनवतो. अन् खुरप्यावाल्याच्या घरावर पाटी कायले लागते?"

त्यांची एक रीत होती. कुठलाही प्रोग्राम लिहायला घेतला की सगळ्यात आधी ते त्यातलं बंद करायचं बटन बनवायचे. आत अजून काहीच नाही, आणि बाहेर पडायची सोय तयार. मला हसू यायचं. ते कोहळी समाजातले. आमच्याकडचे तलाव ज्यांच्या पूर्वजांनी बांधले ते लोक. "आमच्या आज्याचा आजा तलाव बांधे," ते म्हणाले, "त मातीची पाळ टाकाच्या आंधी पानी निघाची जागा धरे. पानी येतेच जी. येनाऱ्याची फिकर नाही. ते निघन कोठून, हे पयले पाहा."

आमची ओळख माझ्या अब्रूच्या पंचनाम्यातून झाली. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं. मी मराठीचा शिक्षक, आणि चार चारोळ्या केलेल्या, एवढाच माझा गुन्हा. दोन महिने खपून मी सगळा मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केला आणि छापखान्याला पाठवला. तिकडे तो उघडला तर मुख्याध्यापकांच्या मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची भेळ. छापखानेवाला फोनवर म्हणाला, "गुरुजी, यह कौन सी भाषा है? हमारे पास तो सिर्फ हिंदी-मराठी छपता है."

कुणीतरी सुधाकरभाऊंचं नाव सांगितलं. मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. वाटलं, घेतील, दुरुस्त करतील, देतील. तर त्यांनी मला आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः मागे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हं. आता पुन्हा बिघडवून दाखवा."

"म्हणजे?"

"जसं बिघडवलं तसंच. घाई करू नका."

मी बिघडवून दाखवलं. कौतुक वाटावं अशा एकाग्रतेनं ते पाहत होते. "नीट कसं कराचं हे सांगाले सारेच तयार राह्यतात," ते म्हणाले, "मानूस चुकते कसा, हे पाह्यल्याशिवाय प्रोग्राम लिहू नये." दोन चहा होईपर्यंत त्यांनी जुन्या अक्षरांची नवी अक्षरं करणारा एक छोटासा प्रोग्राम लिहिला, आणि मनोगत जिवंत झालं. वर एक शेरा मारला, "मास्तर, 'शिक्षन' नाही, 'शिक्षण' पाह्यजे ना जी? मी बोलताना चुकतो. तुमी लिवताना चुकता."

त्यानंतर मी त्यांच्या खोलीत जात राहिलो. कामाशिवायही.

त्यांच्या गावातल्या तलावाची गोष्ट सांगतो. धान गर्भात आला की तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, आधी आणि कुणाच्या मागून, हे ठरवायला गावात एक पाणकर असतो. झिटूजी नावाचे म्हातारे ते काम करत. पाळी त्यांच्या डोक्यात, कागद कुठे नाही. झिटूजी थकले तेव्हा भांडणं व्हायला लागली, आणि गावानं सुधाकरभाऊंना सांगितलं, मोबाइलमध्ये करून द्या. ते आठ दिवस झिटूजींच्या मागे बांधांवरून फिरले. कॉम्प्युटरला हात नाही. मग जे ॲप केलं त्यात ना नावं होती, ना गट नंबर. नुसती झाडांची चित्रं. मोहाची बांधी, ऐनाची बांधी, दोन पळसांची बांधी. गावात शेतं तशीच ओळखतात. ज्या झाडाची पाळी ते हिरवं, बाकीची राखाडी.

ॲप दाखवायला भरलेल्या गावच्या बैठकीला एक सरकारी साहेब आले होते. ते म्हणाले, "पुस्तोडे, यात गट नंबर टाका. असं झाडांवर कसं चालेल?"

भाऊ खिडकीकडे गेले, थुंकून आले, आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, गट नंबरले पानी नाही लागत. बांधीले लागते."

झिटूजींना अक्षरओळख नव्हती. पण त्या हंगामात ते मोबाइल उपरण्यात गुंडाळून तलावाच्या पाळीवर बसायचे आणि कुणी वाद घातला की झाडावर बोट ठेवायचे. भांडणं संपली असं म्हणणार नाही. ती आता झाडांच्या नावानं होऊ लागली.

आता खर्ऱ्याचं सांगायलाच हवं. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून ओला केलेला. आमच्या जिल्ह्यात नमस्काराच्या आधी खर्रा पुढे होतो. भाऊंना तो विचार करायला लागायचा. चूक सापडेना की पन्नी निघायची, आणि दोन्ही तळव्यांत ती घोटल्याचा चर्र-चर्र आवाज सुरू झाला की मी समजायचो, आता सुटणार. मी त्यांना कितीदा तरी उपदेश केला. उपदेश करताना माझ्या स्वतःच्या गालात सुपारी असायची, ही गोष्ट वेगळी.

तोंड उघडेनासं झालं ते हळूहळू. आधी तीन बोटं मावत, मग दोन. माझ्यासमोर बोट घालून दाखवत, जणू दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्राममधली चूक दाखवताहेत. मग जिभेच्या कडेला फोड आला. तो बरा होईना. नागपूरला तपासलं. मी सोबत होतो. डॉक्टर तरुण होता आणि नीट बोलला. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. जगायची आशा आहे, खात्री नाही. बोलणं मात्र जाईल.

भाऊंनी एकच विचारलं, "किती दिवस आहेत?"

"तसं आता सांगता येणार नाही."

"जगाचे नाही जी. बोलाचे."

डॉक्टरनं समोरचं कॅलेंडर उलटलं. मग म्हणाला, "सोळा दिवसांनी ऑपरेशन घेऊ."

परतताना साकोली मागे पडल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मले शब्दांची यादी पाह्यजे. मानसाले दिवसभरात जे बोला लागते ते. मी आपल्या आवाजात भरून ठेवतो. बटन दाबलं का बोलन." मग थोड्या वेळानं, "आता मशीन कोनाचाबी आवाज काढते म्हनतात. पन जे मी बोललोच नाही, ते माह्या आवाजात काऊन बोलावं त्यानं?"

मी जबाबदारी मनावर घेतली. दोन दिवस बसून साठ वाक्यांची सुवाच्य यादी केली. विषयवार. आहार, आरोग्य, शिष्टाचार. त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचायला सुरुवात केली. "'मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्यावे.' 'माझी प्रकृती आज बरी आहे.' 'मला शौचास जावयाचे आहे.'" यादी मांडीवर ठेवून ते हसू लागले. दुखत होतं तरी हसत होते. "हा कोन बोलून राहिला जी? हा त तहसीलदाराले अर्ज करून राहिला!"

मग त्यांनी आपल्या रीतीनं काम केलं. तीन दिवस स्वतःच्याच मागे स्टुलावर बसल्यासारखे राहिले. खिशात वही. जे तोंडातून निघेल ते लगेच लिहायचं. तीन दिवसांनी वही मला दाखवली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दिवसभर काय बोलतो? हव, म्हणजे हो. नाही ना जी. काऊन? कायले? थांब ना. करून राहिलो ना. आन बरं इकडं. होऊन जाईन. बस कर बाप्पा. जेवले का? आणि कॉम्प्युटरला घातलेल्या तीन शिव्या, त्यातली एक फारच सुंदर होती.

"आयुष्यभर एवढंच बोललो मी," ते म्हणाले. "चोवीस बटनात मावते."

कोहमाऱ्यात ट्रकांमुळे रेकॉर्डिंग होईना, म्हणून ते आमच्या घरी, सौंदडला आले. सोबत वहिनी. आमच्या मागच्या खोलीत धानाची पोती रचलेली असतात. पोत्यांच्या मध्ये आवाज घुमत नाही, हे त्यांनी उभं राहून टाळी वाजवून ठरवलं. आत ते आणि मोबाइल. बाहेर ओसरीवर आम्ही तिघं. रेल्वे आली की थांबायचं. बायकोनं कुकर लावला नाही, मांजर कोंडून ठेवलं, आणि मी खोकलो तर माझ्याकडे असं पाहिलं की खोकला तिथंच विरला.

आतून एकेक शब्द येत होता. हव. पुन्हा. हव. पुन्हा. एक "हव" त्यांनी अकरा वेळा म्हटला असेल. जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते, आणि त्यांना नीट हवा होता. ओसरीवर वहिनी मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या. आमचेच तांदूळ, निवडलेलेच होते.

दुपारी बाहेर आले. घामानं भिजलेले. "झालं," म्हणाले. "चोवीसही झाले."

बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सहज विचारलं, "अन् भाऊजी, वहिनीचं नाव भरलं का?"

तांब्या भाऊंच्या हातातच राहिला.

आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. आमच्या पिढीत तरी नाही. "आयकलं का वो", नाही तर "पिंकीची माय". भाऊंची पिंकी लग्न होऊन देवरीला गेली तरी तिच्या नावानंच हाक. मीही घरात कधी नाव घेतलेलं नाही. घसा खाकरतो. तेवढं पुरतं.

"नाव कायले लागते?" भाऊ म्हणाले. "ते त जवळच राह्यते."

"जवळ राह्यते म्हनूनच," बायको म्हणाली. "मानूस शेजारच्या खोलीत असते. हात हालवला त दिसते का? खाकराले जमन का तुमाले?"

वहिनींनी मान वर केली नाही. त्यांचं नाव शेवंता. हे मला तेव्हा कळलं, अठरा वर्षांनी, आणि तेही बायकोला माहीत होतं म्हणून.

भाऊ पुन्हा आत गेले. दार ओढून घेतलं. आम्ही थांबलो. एक मालगाडी गेली, लांबलचक. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. आतून एक अक्षर नाही. नंतर दार उघडलं.

"नाही जमून राहिलं," ते म्हणाले, आणि पायात चपला सरकवू लागले. "आत कोनी नाही ना जी. पोत्याईले कशी हाक मारू?"

त्या माणसानं लोकांच्या हजार चुका शांतपणे पाहिल्या होत्या. त्याचा चेहरा हरल्यासारखा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. ऑपरेशनला तीन दिवस उरले होते. बायको त्यांना फाटकापर्यंत सोडून आली आणि मला म्हणाली, "मी विचाराले नोको होतं." मी म्हणालो, "तू बरोबर विचारलंस." आमच्या घरात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही.

ऑपरेशन झालं. ते सात महिने जगले. कोहमाऱ्याची खोली उघडत राहिली. लोक येत, भाऊ त्यांना खुर्चीवर बसवत, आणि मोबाइल बोलायचा, "करून राहिलो ना." खर्रा सुटला होता. खिडकी मात्र सवयीनं उघडायचे, बाहेर पाहायचे, लावायचे. बटनं लोकांच्या सवयीची झाली. ढाबेवाला तर मुद्दाम उशिरा चहा आणायचा, तिसरी शिवी ऐकायला.

पण ती बटनं वर्षभराची नव्हती. पोटातल्या नळीनं खाणं, वजन उतरलेलं, आणि मग तोच रोग मानेत गाठ होऊन परत आलेला. खोली बंद झाली. मी आणि बायको त्यांच्या गावी भेटायला गेलो. ती शेवटची भेट, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

ते पुढच्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. वहिनी मागे परसातल्या बाडीत होत्या. मी बोलत होतो. अशा वेळी मी फार बोलतो. शाळेचं, निकालाचं, नव्या साहेबाचं. त्यांनी "हव" दाबलं, "हव" दाबलं, आणि मग "बस कर बाप्पा" दाबलं. तिघंही हसलो.

मग त्यांनी मला मोबाइल जवळून दाखवला. चोवीस बटनांच्या खाली एक पंचविसावं होतं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते दाबलं.

आधी नुसता सकाळचा आवाज. कुठे तरी कोंबडी. मग भाऊंचा आवाज, जड, अडखळलेला, पण त्यांचाच:

"शेवंता."

आणि लगेच, धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज. गंज असावा, पातेल्यासारखा, पितळेचा. घरंगळत गेलेला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उशाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं: "ऑपरेशनले निघाच्या दिवशी. चुलीजवळ होती. पाठीमागून हाक मारली." खाली पुन्हा लिहिलं: "गंज पडला हातचा. कापता आला असता. नाही कापला."

ज्या माणसानं एका "हव"साठी आमचा कुकर आणि आमचं मांजर गप्प करवलं होतं, त्यानं तो आवाज तसाच राहू दिला होता.

वहिनी आल्या नाहीत. भाऊंनी पुन्हा दाबलं. शेवंता, आणि गंज. कुणी आलं नाही. मी उठू लागलो, "मी बोलावून आणतो." त्यांनी हातानं बसवलं आणि तिसऱ्यांदा दाबलं. तेव्हा दार हाललं. वहिनी पदराला हात पुसत आत आल्या.

"आली जी, आली. बहिरी नाही मी," असं काहीसं रागावल्यासारखं म्हणाल्या. त्यांची उशी सरळ केली, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला गेल्या. भाऊ त्यांच्या पाठीकडे पाहत होते. मोबाइल उलटा करून उशीखाली ठेवला. त्यानंतर आम्ही निघेपर्यंत त्यांनी एकही बटन दाबलं नाही.

परतीला कोहमाऱ्याच्या चौकात उतरून सौंदडच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. मी म्हणालो, "वहिनींना आता कमी ऐकू येतं वाटतं. तीनदा हाक मारावी लागली बिचाऱ्याला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, यादीत एक भर पडल्यासारखं.

"तुमी दाराकडे पाठ करून बसले होते," ती म्हणाली. "पहिल्या हाकेलेच आली होती ती. दाराआड आयकत उभी होती."